वाळलेलं दिसलं म्हणून मेलेलं नसतं



शिमगा जवळ आला की गावात दोन कामं हमखास निघतात. एक होळीच्या लाकडांचं आणि दुसरं पावसाळ्यासाठी सरपण साठवायचं. दोन्ही कामांना कोयता बाहेर निघतो, आणि नेमकी त्याच वेळी रानातली निम्मी झाडं उघडीबोडकी उभी असतात. हिवाळा कोरडा गेला असेल तर बघायलाच नको. गवत पिवळं पडलेलं, ओढा आटलेला, माळ उन्हात तापलेला. अशात बिनपानांचं झाड दिसलं की "हे वाळलंच आहे, घ्या तोडून" असं म्हणून घाव पडतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते याच झाडांबद्दल. त्यातली बरीच वाळलेली नसतात. ती फुलायच्या बेतात असतात. ती ओळखायची कशी, आणि ओळखून आपला काय फायदा, ते आज बघू.

पानं गळतात, मग फूल कशाच्या जोरावर येतं?

झाडाच्या पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. जमिनीत ओल असते तोवर मुळं ती भरपाई करतात. दिवाळी उलटली की ओल खाली खाली जाते. मग झाड पानं गाळतं. आपल्या गटातल्या एखाद्या बाईची कमाई थांबली की ती आधी खर्च आवरते, तसंच हे. पावसाळ्यात पानांनी तयार केलेलं अन्न आणि खोडा-मुळांत साठवलेलं पाणी ही झाडाची शिल्लक. त्या शिल्लकेतून ते आधी फुलतं आणि मागून पालवतं.

हे वेळापत्रक सोयीचं आहे. पानं नसली की फूल लांबून दिसतं, म्हणून मैना, बुलबुल, शिंजीर, मधमाश्या थेट फुलापाशी येतात आणि परागकण या फुलातून त्या फुलात पोचतात. उन्हाळ्यात वारा सुटतो तेव्हा सावरीचा कापूस पानांत न अडकता लांब जातो. आणि माघ-फाल्गुनात फुललेल्या झाडाचं बी मृगाच्या आधी तयार होतं. पहिला पाऊस पडला की ते रुजायला मोकळं. म्हणजे ऐन दुष्काळी दिवसांत झाड पुढच्या पावसाळ्याची तयारी करत असतं. आपण तेव्हाच त्याला तोडलं तर फूल गेलं, फळ गेलं आणि बीही गेलं.

कोण कधी फुलतं

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. रान मात्र माघापासून कामाला लागतं. कोकण, घाट, देश, विदर्भ यांत थोडं मागेपुढे होतं, पण रांग साधारण अशी असते.

पहिली काटेसावर. कुणी हिला सावरी म्हणतं, कुणी शेवर. सरळ उंच खोड, आडव्या फांद्या आणि कोवळ्या खोडावर बुडाशी रुंद असे टोकदार काटे. फूल वाटीएवढं, पाच जाड पाकळ्यांचं, बहुतेक लालभडक. झाड उंच असलं तरी चिंता नाही. फूल अख्खंच्या अख्खं खाली पडतं. उचलून हातात घ्या, जड लागेल. सकाळी या झाडाखाली पाच मिनिटं उभं राहिलं तर गावातले निम्मे पक्षी तिथेच भेटतात.

मग पळस. "पळसाला पाने तीन" हे आपण सगळ्याच म्हणतो, पण फुलाच्या वेळी ती तीन पानंही झाडावर नसतात. खोड वाकडंतिकडं, कळ्या काळपट मखमली आणि फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. "हा पोपट तर नव्हे?" असा त्याचा अर्थ सांगतात. फूल बघितलं की ते नाव पटतं.

तिसरा पांगारा. इथे घोटाळा होतो, कारण यालाही तीनच पानं येतात आणि फूलही लालच. खूण लक्षात ठेवा. पांगाऱ्याच्या फांदीवर काटे असतात, पळसाला नसतात. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला लांब तुऱ्यात लागतात आणि वाघनखासारखी दिसतात. पानमळ्यात वेलीच्या आधाराला पांगारा लावतात, तिथे त्याची ओळख आधीच झालेली असेल.

डोंगराच्या खडकाळ उतारावर पानाविना उभं राहून मोठी पिवळीधमक फुलं मिरवणारं झाड दिसलं, तर ती सोनसावर. हिला गणेरही म्हणतात. त्याच उतारावर कमरेएवढ्या झुडपाच्या फांदीभर बारीक लाल नळ्या दिसल्या, तर ती धायटी. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं तयार करताना हीच फुलं घालतात.

फाल्गुन-चैत्रात मोह. फांदीच्या टोकाला कळ्यांचे झुबके आणि पहाटे टपटप पडणारी फिकट, मांसल, गोड फुलं. विदर्भातल्या आणि ठाणे-पालघरकडच्या बायांना मोहाबद्दल आम्ही काय सांगावं, त्यांच्याकडून आपणच शिकायचं. याच सुमारास करवंदीच्या जाळीत पांढऱ्या चांदण्या उमलतात. वास आधी येतो, फूल मागून दिसतं.

चैत्र-वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. बहावा फुलला की पाऊस दीड-दोन महिन्यांवर आला, असं जुनी माणसं सांगतात. त्यानंतर जांभळा ताम्हण. आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल हेच.

एक चकवाही सांगून ठेवतो. चैत्राच्या आसपास एखादं झाड लांबून लालेलाल दिसतं आणि वाटतं, काय फुललंय! जवळ गेलं की कळतं, ती कुसुंबाची कोवळी पालवी आहे. थोड्या दिवसांत ती हिरवी होते.

खालीही बघा

सगळं झाडावरच असतं असं नाही. पडीक रानात जमिनीला चिकटून पसरलेली, पानांवरही काटे असलेली भुईरिंगणी ऐन कोरड्या दिवसांत फुलते. फूल जांभळं, मधे पिवळं. बांधावर रुई असते. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आणि एका फुलाबद्दल सावध करायचं आहे. ते म्हणजे पिवळा धोतरा. शेतात, रस्त्याकडेला काटेरी पानांचं, पिवळ्या नाजूक फुलाचं हे झाड सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दिसायला देखणं, पण विषारी. याचं काळं बारीक बी मोहरीसारखं दिसतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या तेलाची भेसळ झाली. माणसांच्या अंगावर सूज आली आणि कित्येक जण दगावले. तेव्हा मोहरी निवडताना, पाखडताना हे बी ओळखा. पोरांनाही सांगा की ओळख पटल्याशिवाय रानातलं कोणतंही फूल, फळ तोंडात घालायचं नाही.

मेलंय की जिवंत आहे?

तोडायच्या आधी ही परीक्षा करा. बारीक फांदीची साल नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर लागलं, तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं, तर दुसरी फांदी बघा, मग तिसरी. एका फांदीवरून झाडाचा निकाल लावू नका. दुसरी खूण, जिवंत काडी वाकते आणि मेलेली कट्‌कन मोडते. तिसरी, टोकाला फुगीर डोळे दिसतात का ते बघा. त्या कळ्या किंवा पालवी असते. एवढं करायला दोन मिनिटं लागतात. झाड वाढायला किती वर्षं लागली, ते तुम्हीच मोजा.

यात आपलं काय?

कुणी म्हणेल, फुलं बघायला वेळ कुणाला आहे? पाण्याला लांब जावं लागतं, गुरांचं करायचं असतं. बरोबर आहे. म्हणूनच पोटापाण्याचं बोलू.

शेतात कांद्याचे डोंगळे बियाण्यासाठी ठेवलेले असतात. कलिंगड, काकडी, भोपळ्याचे वेल असतात. यांना बी आणि फळ धरायला मधमाशी लागते. पिकाचा फुलोरा थोडे दिवसांचा असतो. त्याच्या आधी आणि नंतर माशीनं काय खायचं? कोरड्या दिवसांत फुलणाऱ्या रानातल्या झाडांवर ती पोट भरते. बांधावरची झाडं गेली की माशीचं अन्न कमी होतं, आणि त्याचा हिशोब आपल्या वेलावर लागतो.

पळसाच्या पानांच्या पत्रावळी होतात. मोहाचं फूल आणि बियांचं तेल घर चालवतं. करवंदं विकून वैशाखात पोरांच्या वह्यांचे पैसे निघतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं, आदिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या वनावर जगणारी कुटुंबं पूर्वीपासून जे गौण वनोपज गोळा करत आली, त्यावर त्यांचा मालकी हक्क मान्य केला आहे. ते गोळा करणं, वापरणं, विकणं हा हक्क आहे. पण झाडच राहिलं नाही तर हक्क कागदावर उरतो.

मोहाची एक अडचण आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्या आगीचा बघता बघता वणवा होतो आणि करवंदी, धायटी, कोवळी रोपं, पक्ष्यांची घरटी सगळं जातं. पुढच्या वर्षी मोहाचं नवं रोपही तिथे दिसत नाही. त्यापेक्षा पाचोळा झाडून बाजूला करा, किंवा झाडाखाली जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरा. फुलांना माती लागत नाही आणि माल स्वच्छ राहतो. वणवा लागलेला दिसला तर गावाला उठवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकाला कळवा. एकटीनं आगीत शिरू नका.

पळसाच्या फुलांनी होळीचा रंगही होतो. पडलेली फुलं वेचून सावलीत वाळवा. दोन मुठी फुलं पाण्यात उकळा किंवा रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून घ्या. केशरी-पिवळा रंग तयार. गटानं फुलं वाळवून पुड्या केल्या तर होळीच्या बाजारात त्या मांडताही येतील. फक्त एक नियम पाळा. पडलेली फुलं घ्यायची, फांद्या ओरबाडायच्या नाहीत.

पांढऱ्या पळसाबद्दलही सांगायला हवं. तो मिळाला तर गुप्तधन सापडतं असं कुणी म्हणतं, आणि मग त्या झाडाची मुळी, साल, फांद्या ओरबाडल्या जातात. असा पळस फार क्वचित उगवतो. त्याच्या बुडाशी धन नसतं. तो दिसला तर राखा.

गटानं एवढं करू

पुढच्या बैठकीच्या आधी पाच-सहा जणींनी मिळून एक फेरी मारायची. सकाळी लवकर, उन्हाच्या आत. बरोबर एक आजी आणि एक शाळेतली मुलगी हवीच. आजीला नावं ठाऊक असतात आणि मुलीला लिहिता येतं. गटाच्या वहीत मागच्या पानावर चार रकाने पाडा. झाडाचं नाव, कुठे आहे, पहिलं फूल कधी दिसलं, कोण कोण पाखरं आली. नाव माहीत नसेल तर रंग आणि खूण लिहा, नाव मागून कळेल. देशभरात सीझनवॉच नावाचा उपक्रम चालतो. त्यातही लोक ठरलेल्या झाडाची पालवी, फुलं आणि फळं दर आठवड्याला बघून नोंदवतात. आपली वही तशीच. तीन-चार वर्षं नोंद ठेवली की आपल्या गावात पळस लवकर फुलला की उशिरा, कोरड्या सालात मोह किती पडला, हे आपण कुणाला न विचारता सांगू शकू.

ज्या झाडाची नोंद झाली, त्याच्या खोडाला जुन्या साडीची एक चिंधी सैलसर बांधा. चिंधी दिसली की कोयता थांबायचा, असं गावात ठरवून घ्या. ग्रामसभेत विषय काढा. होळीला पडलेल्या फांद्या आणि शेण्या वापरू. वाडीवाडीची वेगळी होळी करण्यापेक्षा गावाची एकच पेटवू.

पुढच्या भागात आपण उन्हाळ्यात बी कसं गोळा करायचं आणि पावसाआधी रोपं कशी करायची ते बघणार आहोत. तोवर तुमच्या गावात पहिलं फूल कोणतं दिसलं, ते आम्हाला जरूर कळवा. झाडाचं नाव तुमच्याकडे जे म्हणतात तेच सांगा. एकाच झाडाला चार गावांत चार नावं असतात आणि ती सगळीच आम्हाला हवी आहेत.