स्लॅबाखालील टेकू : घर बांधणाऱ्या शेतकऱ्यांस कांहीं सूचना

चंद्रपूर व १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही अरण्यमय जिल्ह्यांत मातीच्या भिंती, लांकडी वांसे व कौलें ही घराची जुनी रीत होय. आतां गांवोगांव स्लॅबाचीं घरें होत आहेत. ओल्या स्लॅबास स्वतःचें बळ नसतें. त्याचा सर्व भार सेंट्रिंगच्या टेकूंवर असतो. टेकू ढळल्यास वर घमेलीं वाहणारे व खालीं उभे असणारे, दोघांच्याही जिवावर बेततें. म्हणून मालकानें हें काम केवळ मिस्त्रीवर सोंपवूं नये.

पांच इंची स्लॅबाचें वजन दर चौरस फुटास सुमारें ३० किलो भरतें. म्हणजे १० × १२ फुटांच्या खोलीवर साडेतीन टनांचा भार पडतो; मजूर व अवजारें निराळींच.

बल्ली सरळ, न किडलेली व मध्यावर चार इंचांहून बारीक नसलेली घ्यावी. दोन बल्ल्यांमध्यें एक मीटरहून फार अंतर नसावें. बांबू पोकळ असल्यानें पाचर ठोकतांना फाटतो. तो टेकूस न वापरणें बरें.

भातखाचराकडील मऊ किंवा वरोऱ्याकडील काळी जमीन ओलीनें दबते. स्लॅबावर मारलेलें पाणीही झिरपून टेकूंच्या बुडाशींच येतें. याकरितां जमीन ठोकून प्रत्येक टेकूखालीं जाड, रुंद फळी द्यावी. विटांची चळत रचूं नये. उंची जुळविण्यास समोरासमोर दोन पाचरी माराव्या व खिळ्यांनीं पक्क्या कराव्या.

लांब टेकू मध्येंच वांकतो. मध्यावर दोन्ही दिशांनीं आडवे बांध व कांहीं तिरपे बांध दिल्यास वांकण्याविरुद्ध त्याचें बळ सुमारें चौपट होतें. काँक्रीट एके ठिकाणीं ढीग करून ओतूं नये. ओततांना एक जाणता मनुष्य बाजूस उभा राहून टेकूंवर नजर ठेवो. खोलींत इतर कोणी नसावें.

भारतीय मानकाप्रमाणें (आय. एस. ४५६, सन २०००) साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे. तुळईस सहा मीटरपर्यंत १४ व पुढें २१ दिवस लागतात. राखमिश्रित सिमेंट किंवा कडक थंडी असल्यास मुदत वाढवावी. टेकू मध्यापासून भिंतीकडे, छज्जाचे मात्र मोकळ्या टोकाकडून, पाचरी हळूहळू सैल करून काढावे.

सेंट्रिंगचें भाडें दररोज चढतें, म्हणून घाई करण्याचा मोह होतो. परंतु चार दिवसांचें भाडें माणसाच्या जिवापुढें कांहींच नव्हे.