शमुएलचा सामाजी

मूळ हिब्रू नाव शमुएल. शेवटचा ‘एल’ म्हणजे देव. ग्रीक-लॅटिनमार्गे ते युरोपात पसरलं आणि इंग्रजीत सॅम्युअल, इटालियनमध्ये सामुएले, रशियनमध्ये सामुइल, फिनिशमध्ये सामुली झालं. अरबीत समौअल; सहाव्या शतकात या नावाचा एक ज्यू कवी होऊन गेला. मराठी बायबलात तोच शमुवेल.

कोकणात त्याचा झाला सामाजी!

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शेजारच्या रामजी-तानाजींचा ‘जी’ त्यांच्या हिब्रू नावांनाही लागला. अब्राहमचा आबाजी, मोशेचा मुसाजी, यहेज्केलचा हसाजी. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, केहीमकर.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६मध्ये बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी ते उभारलं, अशी परंपरा सांगते. समाजात त्यांची ओळख सामाजी हसाजी दिवेकर: स्वतःचं नाव आणि बापाचं नाव हिब्रू मुळाचं, आडनाव मात्र पक्कं मराठी. मांडवीतला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, बायबलची भाषांतरं घरोघर पोचली आणि नव्या पिढीतले सामाजी पुन्हा सॅम्युअल झाले.