चार-पाच मुलांचा वर्ग

न्यू यॉर्क राज्यात, बफेलो शहरापासून थोडं दूर, साउथ वेल्स नावाचं गाव आहे. पीटर गौ या शिक्षकाने 1926 साली तिथे निवासी शाळा काढली. बोलण्यात तरतरीत, हिशोबाला पक्की, पण पुस्तक उघडलं की अडखळणारी मुलं त्यांनी पाहिली होती. अशा मुलांसाठीच ही ‘गौ स्कूल’. शंभर वर्षं होत आली, तरी शाळेने आपलं काम बदललेलं नाही. सहावी ते बारावीचे वर्ग, देशोदेशींहून आलेली मुलं, आणि एकूण पटसंख्या आपल्याकडच्या एखाद्या शाळेतल्या दोन-तीन तुकड्यांएवढी.

या मुलांची, म्हणजे आजच्या शब्दांत डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची, गोष्ट गौ यांच्याही आधीची आहे. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार होता, आकडे सहज वाचायचा. पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. पुढे 1925 मध्ये सॅम्युअल ऑर्टन या मेंदूतज्ज्ञाने अशा मुलांवर निबंध प्रसिद्ध केला. मेंदूच्या दोन बाजूंबद्दलचा त्यांचा सिद्धांत पुढे जसाच्या तसा टिकला नाही. टिकली ती शिकवण्याची रीत. अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघींनी 1930 च्या दशकात ती धड्याधड्याने बांधून काढली, आणि अशा शाळांचं शिक्षण आजही बरंचसं तिच्यावरच उभं आहे.

ही रीत अगदी साधी आहे. बाई अक्षराचं कार्ड दाखवतात. मूल ध्वनी मोठ्याने म्हणतं आणि म्हणता म्हणताच बोटाने गिरवतं. डोळा, कान, जीभ आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. एक ध्वनी पक्का झाल्याशिवाय दुसरा नाही. इंग्रजीत 26 अक्षरं आणि ध्वनी चाळिसाच्या वर, त्यामुळे मुलाने अंदाजाने शब्द ओळखायचा नाही, फोडून वाचायचा. मोठ्या मुलांना पूर्वपद, धातू, प्रत्यय असे शब्दाचे तुकडे शिकवतात. गौ स्कूलमध्ये यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र विषयच आहे.

अशा शाळांत वर्ग चार-पाच मुलांचाच ठेवतात, त्याचं कारणही इथेच सापडतं. साठ मुलांच्या वर्गात न वाचता येणारं मूल लपायला शिकतं: शेजाऱ्याचं ऐकून धडा पाठ करतं, पाळी जवळ आली की पाणी प्यायला जातं. चार-पाच जणांत लपायला जागा नसते आणि लपण्याची गरजही उरत नाही, कारण शेजारचाही त्याच ओळीवर अडलेला असतो. अडचण सौम्य असली की ती वरून दिसत नाही, आणि मुलाच्या माथी आळशी असा शिक्का बसतो. तो पुसला जाणं हा मला या शाळांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मात्र त्यांची वर्षाची फी कित्येक लाख रुपयांची असते आणि ती फार थोड्या घरांना झेपते.

मराठी मुलाची वाट थोडी वेगळी आहे. देवनागरीत उच्चार आणि अक्षर यांचा मेळ इंग्रजीपेक्षा चांगला आहे. तरी पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ आहेतच. डिस्लेक्सिया असलेलं मूल नेमकं इथे थकतं.

महाराष्ट्रात अशा मुलांना 1996 पासून दहावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश झाला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डिस्लेक्सियाची तपासणी मराठीतही आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण जादा वेळ मिळाला म्हणून वाचता येत नाही. सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची धावपळ नववी-दहावीत सुरू होते, आणि शिकवण्याची खरी वेळ दुसरी-तिसरीत निघून गेलेली असते.

साउथ वेल्सची इमारत आपल्याला परवडणार नाही. अक्षरांची कार्डं, रोजचा अर्धा तास आणि ही रीत शिकलेली एक शिक्षिका मात्र कोणत्याही मराठी शाळेला परवडेल. तुमचं मूल दुसरीत असेल आणि वाचताना अडत असेल, तर दहावीची वाट पाहू नका. याच वर्षी तपासणी करून घ्या आणि शाळेकडे तो अर्धा तास मागा.