फक्त हातापुरती भूल

एम.डी.ची तीन वर्षे संपली की भूलतज्ज्ञापुढे प्रश्न येतो: नोकरी की रीजनल अ‍ॅनेस्थेशियाची फेलोशिप? कण्यातली भूल तो शिकलेलाच असतो. ती ऑगस्ट बिअरने १८९८ मध्ये दिली होती. सोनोग्राफीत मज्जातंतू पाहून नेमका हात बधिर करायला मात्र सराव लागतो. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलसारख्या, अपघाताचे रुग्ण भरपूर असलेल्या ठिकाणी तो मिळतो. प्रमाणपत्र राहू द्या. स्वतः किती ब्लॉक देऊ देतात, ते आधी विचारावे.

गोंदियात २०१६ मध्ये मेडिकल कॉलेज आले. धानाच्या मळणीयंत्रात हात सापडलेल्या दमेकरी म्हाताऱ्याची पूर्ण भूल अशाने बरेचदा टळते. अडचण निराळीच आहे. सोनोग्राफी यंत्र मज्जातंतूंसाठी घेतले, तरी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली त्याची नोंदणी लागतेच.