जंजिऱ्याचे अजिंक्यत्व

मुरूडनजीक राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जंजिऱ्यास ‘अजिंक्य’ हे विशेषण इतके चिकटले आहे की, ते ज्या कारणांनी प्राप्त झाले त्यांचा विचार सहसा होत नाही. त्याचे श्रेय सामान्यतः तटबंदीस देण्यात येते. इतिहासाची साक्ष मात्र किंचित निराळी आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, या बेटावरील मूळचे ठाणे जिंकले गेलेलेच होते. येथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता व राम पाटील हा त्यांचा नायक होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या मिषाने आत प्रवेश मिळवून तो घेतला, अशी परंपरा आहे. मद्याच्या पिंपांची कथा कितपत खरी मानावी हा प्रश्न वेगळा. परंतु बेट बळाने नव्हे, तर आतून पडले, एवढे तीतून निश्चित सूचित होते. आजचा दगडी कोट त्यानंतरच्या शतकातील, निजामशाहीच्याच अमलातील होय. ‘जंजिरा’ हा शब्दही अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, यावरूनच आलेला आहे.

पुढे आतून पडण्याचा तोच प्रसंग पुन्हा येऊ घातला होता. शिवाजी महाराजांच्या वेढ्याने जेरीस आलेला फत्तेखान १६७०च्या सुमारास किल्ला स्वाधीन करण्यास राजी झाला. परंतु संबळ, कासम व खैरियत या सिद्दी सरदारांनी त्यास कैद करून मोगलांचे स्वामित्व पत्करले. औरंगजेबाने त्यांस आपल्या आरमाराचे अधिकारी करून सुरतेच्या वसुलातून नेमणूक दिली. जंजिऱ्याच्या इतिहासातील खरे वळण हेच. यापुढे खाडीतील एका बेटाच्या पाठीशी सुरतेचा पैसा उभा राहिला. १६७१ साली होळीच्या रात्री सिद्दी कासमाने समोरचे दंडा-राजपुरी परत घेतले, तेही याच बळावर.

महाराजांस या प्रश्नाचे मर्म उमगले होते. त्यांनी जवळच्याच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधण्यास घेतला आणि तेथील रसद पोचविण्यात कुचराई करणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदारास, जिवाजी विनायकास, १६७५ साली जे कडक पत्र लिहिले, त्यात हयगयीचा संशय थेट शत्रूशी संधान बांधल्याचा आहे. तोफांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, रसद निर्णायक होती. १६७६ साली मोरोपंतांची मोहीम झाली. लाय पाटलाने रात्री तटास शिड्या लावल्या, परंतु कुमक वेळेवर पोचली नाही, असे बखरींवरून दिसते. १६८२ साली संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून बेटापर्यंत वाट करण्याचा उद्योग मांडला. मोगल सैन्य उत्तर कोकणात उतरताच तो अर्धवट सोडावा लागला. १७३३ साली बाजीरावाच्या स्वारीच्या वेळी सिद्दीस मुंबईकर इंग्रजांचे साह्य होते आणि त्याच वर्षी सेखोजी आंग्रे मृत्यू पावल्याने मराठ्यांचे आरमारी बळ खचले. प्रत्येक वेळी किल्ल्याबाहेरचीच एखादी घटना निकाल लावते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा लढाईचा प्रश्नच उरला नव्हता.

याचा अर्थ तट दुय्यम आहे असा नव्हे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाताना याची खात्री पटते. होडी अगदी जवळ येईपर्यंत पूर्वाभिमुख महाद्वार नजरेस पडत नाही. भरतीचे पाणी तटास भिडते व शत्रूस पाय ठेवण्यास जागाच उरत नाही. द्वारावर हत्तींना पंजांत धरलेल्या श्वापदाचे शिल्प आहे. आत गोड्या पाण्याची दोन तळी आहेत. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या खडकावर वेढे सोसणे शक्य झाले ते त्यांच्यामुळेच. वाटाड्यांचा भर मात्र कलालबांगडी तोफेवर असतो. नावाडी वेळ मोजकाच देतात, यास्तव अभ्यासकाने तोफेपेक्षा तळ्यांस व पश्चिमेकडील दर्या दरवाजास अधिक वेळ द्यावा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. परतताना राजपुरीजवळच खोकरी येथील सिद्द्यांच्या कबरी पाहता येतात.

तटावरून वायव्येस पाहिले असता पद्मदुर्ग स्पष्ट दिसतो.