सरासरी पाऊस आणि पुराचे पाणी

‘यंदा पाऊस सरासरीइतका झाला’ असे कळले म्हणजे हंगाम सुरळीत गेला, असा सर्वसाधारण समज असतो. नेसरी भागातील शेतीच्या दृष्टीने हा समज पुरेसा नाही.

सरासरी म्हणजे दीर्घ मुदतीच्या नोंदींवरून काढलेले मान होय. त्यासाठी भारतीय हवामान विभाग १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदी आधारास घेतो. जिल्ह्याचा पाऊस सरासरीहून १९ टक्क्यांपर्यंत कमी वा अधिक असला, तरी तो सर्वसाधारणच समजला जातो. तापमानातील फरक मात्र टक्क्यांत न सांगता अंशांत सांगतात.

एकूण आकड्याने हंगामाचे स्वरूप कसे झाकले जाते, हे २०१९ साली दिसून आले. त्या वर्षी देशात जून महिन्याचा पाऊस सरासरीहून ३३ टक्के कमी होता; हंगामाअखेर तोच सरासरीच्या ११० टक्के झाला. मध्यंतरी ऑगस्टमध्ये कोल्हापूर येथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांहून वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर सर्वाधिक पडतो व पूर्वेकडे झपाट्याने घटत जातो. नेसरी भागातून वाहणारी घटप्रभा चंदगड तालुक्यातील डोंगराळ प्रदेशातून येते. १०० मि.मी. पाऊस म्हणजे हेक्टरी १० लाख लिटर पाणी. त्यामुळे गावच्या पर्जन्यमापकात थोडा पाऊस दिसला, तरी वरच्या अंगाच्या अतिवृष्टीने काठच्या शेतांत पाणी चढू शकते.

तापमानाकडेही लक्ष असावे. झड लागली असता दिवसाचे तापमान उतरते, पाने ओली राहतात व भातावर करपा बळावतो. उघडीप लांबल्यास ऊन वाढून जमीन कठीण होते आणि भुईमुगाच्या आऱ्या मातीत शिरत नाहीत.

याकरिता गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोज सकाळी साडेआठ वाजता पावसाची नोंद घ्यावी. त्याच वहीत कोरड्या दिवसांची संख्या व नदीची पातळी लिहावी, आणि चंदगडकडील पावसाची वार्ताही मिळवावी. शेतकरी बंधूंनी पावसाळ्यापूर्वीच चर मोकळे करावेत. शेतात पाणी साचलेले असता युरिया देऊ नये. पाणी ओसरल्यावरच द्यावा. हंगामाची सरासरी ऑक्टोबरात कळते. पीक वाचविण्याचा निर्णय मात्र त्या त्या दिवशीच घ्यावा लागतो.