भूगर्भातील पाणी आणि आपले आरोग्य

खडकीत दारूगोळा कारखाना उभा राहिला तो १८६९ साली; जवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे मुळा-पवनेच्या काठी उद्योग आणि वस्ती दोन्ही दाटत गेली. अशा नगरांत नळाचे पाणी अपुरे पडले की बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो. म्हणून भूजल दूषित कसे होते आणि त्यापासून कोणता धोका संभवतो, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

पुण्याखालचा खडक बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यातील पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते. भेगांतून मात्र ते फारसे न गाळताच वाहते. त्यामुळे फुटक्या मलवाहिनीतील मैला किंवा उघड्यावर टाकलेली रसायने पावसाबरोबर खोल उतरतात. एका बोअरचे पाणी चांगले निघाले, यावरून शेजारच्या बोअरची खात्री देता येत नाही.

हे प्रदूषण मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिले रोगजंतूंचे. त्यातून अतिसार, विषमज्वर, कावीळ असे विकार होतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि तपासाचा रोख विहिरींसह पाण्याच्या स्रोतांकडे वळला. पाणी खळखळून उकळल्यास असे जंतू मरतात.

दुसरे प्रदूषण विरघळलेल्या द्रव्यांचे. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने नायट्रेटचे प्रमाण किंचित वाढते. तुरटीने गाळ खाली बसतो, नायट्रेट नव्हे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नायट्रेट वाढल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. यांपैकी काहीही डोळ्यांना वा जिभेला कळत नाही.

वसतिगृहात अनेक मुले एकाच टाकीचे पाणी पितात. तेथील दोष सर्वांनाच बाधतो. म्हणून प्रत्येक निवासी संस्थेने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बोअरच्या पाण्याची जैविक आणि रासायनिक अशी दोन्ही तपासणी करवून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासले जाते. तो अहवाल कपाटात न ठेवता टाकीजवळच्या फलकावर लावावा, अशी आमची विनंती आहे. आपण काय पितो, हे जाणण्याचा अधिकार पाणी पिणाऱ्या प्रत्येक मुलाला आहे.